क्रीडागारातील दीर्घकालीन आसनहक्क

दीर्घकालीन आसनहक्क म्हणजे क्रीडागारातील किंवा प्रेक्षागृहातील ठरावीक आसन अनेक वर्षे वापरण्याचा, आगाऊ रक्कम भरून मिळवलेला हक्क होय. असा हक्क रोख्याच्या, सदस्यत्वाच्या किंवा भाडेपट्ट्याच्या स्वरूपात दिला जातो. लंडनमधील विम्बल्डन टेनिस स्पर्धेचे डिबेंचर हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. १९२० पासून चालत आलेल्या या पद्धतीत सेंटर कोर्टच्या डिबेंचर धारकाला पाच वर्षे स्पर्धेच्या प्रत्येक दिवसाचे तिकीट मिळते, आणि ते तिकीट त्याला खुल्या बाजारात विकताही येते. महाराष्ट्रात टेनिससाठी अशी पद्धत रूढ झालेली नाही. मात्र क्रीडागाराच्या उभारणीला हातभार लावणाऱ्यांची आसने आणि सामान्य प्रेक्षकांची आसने यांचे प्रमाण काय असावे, या प्रश्नाने मुंबईच्या क्रिकेट इतिहासाला दोनदा वळण दिले. १९३७ साली हिंदू संघ पंचरंगी सामन्यांतून बाहेर पडला आणि १९७० च्या दशकात ब्रेबॉर्न स्टेडियमपासून जवळच वानखेडे स्टेडियम उभे राहिले. या दोन्ही घटनांच्या मुळाशी आसनांच्या वाटपाचा वाद होता.

== संकल्पना ==

क्रीडागार बांधण्याचा खर्च एकदम करावा लागतो, तिकीट विक्रीचे उत्पन्न मात्र वर्षानुवर्षे थोडे थोडे येते. हे अंतर भरून काढण्यासाठी कर्ज, सरकारी अनुदान, देणग्या, स्टेडियमला नाव देण्याच्या हक्काची विक्री असे अनेक मार्ग वापरले जातात. आसनहक्कांची आगाऊ विक्री हा त्यांपैकीच एक मार्ग आहे. त्यात संस्था भविष्यातील तिकिटांचा काही भाग आजच विकते आणि त्या पैशातून बांधकाम करते.

भारतीय कंपनी व्यवहारात डिबेंचर किंवा कर्जरोखा म्हणजे कंपनीने घेतलेल्या कर्जाचा दाखला होय. धारकाला सामान्यतः त्यावर व्याज मिळते आणि मुदतीअखेर मुद्दल परत केले जाते. विम्बल्डनच्या डिबेंचरचे नाव तेच असले, तरी त्याचे आर्थिक स्वरूप वेगळे आहे. त्यावर व्याज मिळत नाही. दिलेल्या रकमेतील फार लहान भाग दर्शनी मूल्य म्हणून परतफेडीस पात्र असतो. उरलेला मोठा भाग अधिमूल्य व कर यांत जातो आणि तो परत मिळत नाही. येथे व्याजाची जागा आसन घेते.

दीर्घकालीन आसनहक्काचे स्वरूप पुढील तीन प्रश्नांवरून ठरते:
* हक्काची मुदत किती आहे: काही वर्षे, आजीवन, की पिढ्यान्‌पिढ्या?
* हक्क किंवा त्यावर मिळणारे तिकीट दुसऱ्याला विकता येते का?
* एकूण आसनांपैकी किती आसने अशा हक्काखाली जातात आणि किती सामान्य प्रेक्षकांसाठी उरतात?

== विम्बल्डन डिबेंचर ==

=== इतिहास ===

ऑल इंग्लंड क्लबची स्थापना १८६८ मध्ये झाली आणि विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ मध्ये वर्पल रोड येथील मैदानावर खेळवली गेली. पहिल्या महायुद्धानंतर प्रेक्षकांची संख्या वाढली आणि जुने मैदान अपुरे पडू लागले. चर्च रोड येथील नव्या जागेसाठी व बांधकामासाठी भांडवल उभारण्याकरिता १९२० मध्ये ऑल इंग्लंड लॉन टेनिस ग्राउंड या कंपनीमार्फत प्रथम डिबेंचर विक्रीस काढण्यात आले. १९२२ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांच्या उपस्थितीत नवे मैदान खुले झाले. आजचे सेंटर कोर्ट तेथेच आहे.

त्यानंतर ठरावीक कालावधीने नव्या मालिका काढण्याची प्रथा पडली. सध्या सेंटर कोर्ट आणि नंबर वन कोर्ट यांसाठी स्वतंत्र मालिका असून प्रत्येकीची मुदत पाच वर्षांची असते. मैदानावरील मोठ्या भांडवली कामांना या विक्रीतून पैसा मिळतो. सेंटर कोर्टवरील सरकते छप्पर २००९ मध्ये, तर नंबर वन कोर्टवरील छप्पर २०१९ मध्ये वापरात आले.

=== किंमत ===

सेंटर कोर्टच्या अलीकडील मालिकांमधील एका डिबेंचरची विक्री किंमत पुढीलप्रमाणे होती:
* २०११ ते २०१५: २७,७५० पौंड
* २०१६ ते २०२०: ५०,००० पौंड
* २०२१ ते २०२५: ८०,००० पौंड
* २०२६ ते २०३०: १,१६,००० पौंड

म्हणजे तीन मालिकांच्या अंतराने किंमत चौपटीहून अधिक झाली. भारतीय चलनात शेवटची किंमत एक कोटी रुपयांच्या पुढे जाते. २०२६ ते २०३० या मालिकेत २,५२० डिबेंचर काढण्यात आले. ते सर्व विकले गेले असे धरल्यास एकूण रक्कम सुमारे २९ कोटी २० लाख पौंड होते.

स्पर्धा १४ दिवसांची असल्याने पाच वर्षांत एका धारकाला ७० दिवसांची तिकिटे मिळतात. त्या हिशेबाने एका दिवसाच्या आसनाची सरासरी किंमत सुमारे १,६६० पौंड पडते. तुलनेसाठी, २०२५ मधील अंतिम सामन्याच्या दिवसाचे सेंटर कोर्टचे साधे तिकीट ३१५ पौंडांचे होते. हा फरक केवळ आसनाच्या जागेमुळे पडत नाही. डिबेंचर धारकांना मैदानावरील राखीव उपाहारगृहे व विश्रामकक्ष वापरता येतात, आसन निश्चित असते आणि तिकीट विकण्याची मुभा असते. ही शेवटची मुभा किमतीचा फार मोठा भाग व्यापते.

=== पुनर्विक्री ===

विम्बल्डनची बहुतेक तिकिटे हस्तांतरणीय नसतात. ती विकल्यास रद्द होऊ शकतात आणि विकत घेणाऱ्याला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. डिबेंचर धारकाला मिळालेली तिकिटे हा याला अपवाद आहे. ती खुल्या बाजारात विकण्यास आयोजकांचीच मान्यता असते.

व्यवहार दोन पातळ्यांवर होतात. पहिल्या पातळीवर मालिकेची मुदत संपण्यापूर्वी संपूर्ण डिबेंचरच दुसऱ्याच्या नावे करता येते. हे व्यवहार दलालांमार्फत होतात आणि त्यांचा भाव उरलेल्या वर्षांच्या संख्येवर व मागणीवर ठरतो. दुसऱ्या पातळीवर धारक डिबेंचर स्वतःकडे ठेवून एकेका दिवसाची तिकिटे विकतो. या बाजारात सर्व दिवसांना सारखी किंमत येत नाही. पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्याचे तिकीट हजारो पौंडांना जाते, तर सुरुवातीच्या फेऱ्यांची तिकिटे त्यामानाने बरीच स्वस्त असतात. त्यामुळे काही धारक मोजके दिवस स्वतः सामने पाहतात आणि उरलेली तिकिटे विकून खर्चाचा मोठा भाग भरून काढतात. काही जण सर्वच तिकिटे विकतात. नवी मालिका निघताना जुन्या धारकांना अर्ज करण्यात प्राधान्य मिळते. त्यामुळे एकदा मिळालेले स्थान सहसा सोडले जात नाही.

या व्यवहारात धोकाही आहे. मुदत संपल्यावर हक्क संपतो आणि मूळ रकमेचा बहुतांश भाग परत मिळत नाही. तिकिटांचा भाव कोणते खेळाडू शेवटच्या फेऱ्यांत पोहोचतात यावरही अवलंबून असतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे स्पर्धा रद्द झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर असे प्रथमच घडले. २०१६ ते २०२० च्या मालिकेत प्रत्यक्षात चारच स्पर्धा झाल्या, आणि पुढील मालिकेच्या पहिल्याच वर्षी प्रेक्षकसंख्येवर मर्यादा होती.

=== सोडत, रांग आणि परत आलेली आसने ===

डिबेंचरची आसने कितीही महाग असली, तरी सेंटर कोर्टच्या १४,९७९ आसनांपैकी ती सुमारे १७ टक्केच आहेत. सामान्य प्रेक्षकांसाठी दोन मार्ग राखून ठेवलेले आहेत. १९२४ पासून तिकिटांची सार्वजनिक सोडत काढली जाते. याशिवाय रोज सकाळी मैदानाबाहेर लागणाऱ्या रांगेतील लोकांना सेंटर कोर्ट, नंबर वन कोर्ट आणि नंबर टू कोर्ट यांची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटे दिली जातात. शेवटच्या चार दिवसांत सेंटर कोर्टसाठी ही सोय नसते. रांगेत जागा मिळवण्यासाठी अनेक जण आदल्या रात्रीच शेजारच्या उद्यानात तंबू ठोकून मुक्काम करतात.

दुपारनंतर मैदान सोडणाऱ्या प्रेक्षकांची आसने रिकामी राहू नयेत यासाठी १९५४ पासून आणखी एक पद्धत सुरू आहे. परत दिलेली तिकिटे आवारातील इतर प्रेक्षकांना अल्प दरात विकली जातात आणि ती रक्कम धर्मादाय कार्याला दिली जाते. अशा प्रकारे विम्बल्डनमध्ये एकाच मैदानावर पुनर्विक्रीचे दोन वेगळे प्रकार नांदतात. एकात नफा धारकाचा असतो, तर दुसऱ्यात विकणाऱ्याला काहीच मिळत नाही.

== रॉयल अल्बर्ट हॉल ==

लंडनमधील रॉयल अल्बर्ट हॉल हे प्रेक्षागृह १८७१ मध्ये सुरू झाले. त्याच्या बांधकामासाठी आसने प्रत्येकी १०० पौंडांना ९९९ वर्षांच्या मुदतीने विकण्यात आली होती. ५,२७२ आसनांपैकी सुमारे सव्वा हजार आसने आजही खाजगी मालकीची आहेत. ती वारसाहक्काने मिळतात आणि विकताही येतात. संस्थेच्या नियामक मंडळात आसनमालकांचे बहुमत असते. आसनमालक आपली तिकिटे चढ्या भावाने विकतात, आणि तेच लोक एका धर्मादाय संस्थेचा कारभारही पाहतात, यावर दीर्घकाळ टीका होत आली आहे.

विम्बल्डनची पाच वर्षांची मुदत आणि अल्बर्ट हॉलची ९९९ वर्षांची मुदत यांतील फरक लक्षणीय आहे. पाच वर्षांनी हक्क संपला की संस्थेला तेच आसन नव्या भावाने पुन्हा विकता येते. ९९९ वर्षांच्या करारात आसनाच्या वाढत्या किमतीचा लाभ संस्थेऐवजी मालकाला मिळतो.

== मुंबईतील अनुभव ==

=== ब्रेबॉर्न स्टेडियम ===

क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची नोंदणी ८ नोव्हेंबर १९३३ रोजी दिल्लीत झाली. आजीवन सदस्यत्वासाठी १०० रुपये, तर साधारण सदस्यत्वासाठी १० रुपये प्रवेशशुल्क आणि १५ रुपये वार्षिक वर्गणी ठेवण्यात आली होती. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्या सहकार्याने क्लबला बॅकबे येथील भराव घालून मिळवलेल्या जमिनीपैकी ९०,००० चौरस यार्ड जागा, चौरस यार्डास साडेतेरा रुपये या दराने मिळाली. म्हणजे केवळ जमिनीचाच खर्च १२ लाख रुपयांच्या पुढे गेला. २२ मे १९३६ रोजी पायाभरणी झाली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी स्टेडियमचे उद्घाटन झाले. या सर्व घडामोडींत अँथनी डिमेलो यांचा पुढाकार होता.

विम्बल्डनच्या डिबेंचरप्रमाणे येथे आसन स्वतंत्रपणे विकले गेले नाही. सदस्यत्व घेतले की मैदानावर बसण्याचा हक्क त्यासोबत येत असे. स्टेडियम क्लबच्या मालकीचे असल्याने आपल्या सदस्यांची सोय प्रथम पाहणे हे क्लबच्या दृष्टीने स्वाभाविक होते. मात्र मुंबईचे सर्व मोठे सामने आता याच मैदानावर होणार होते. त्यामुळे क्लबाबाहेरच्या क्रिकेटप्रेमींसाठी किती आसने उरणार, हा प्रश्न पहिल्याच हंगामात उभा राहिला.

=== १९३७ ची पंचरंगी स्पर्धा ===

धर्म व समाजनिहाय संघांची स्पर्धा हा त्या काळी मुंबईतील सर्वांत लोकप्रिय क्रीडासोहळा होता. पूर्वी हे सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत. १९३७ मध्ये युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम या चार संघांना ‘इतर’ हा पाचवा संघ जोडून स्पर्धा पंचरंगी करण्यात आली आणि ती ब्रेबॉर्न स्टेडियमवर हलवण्यात आली. परंतु हिंदू जिमखान्याला देऊ केलेली आसने अपुरी असल्याच्या कारणावरून त्या वर्षी हिंदू संघाने माघार घेतली. परिणामी पंचरंगी म्हणून जाहीर झालेल्या पहिल्याच स्पर्धेत चार संघ खेळले. त्या वर्षीचे विजेतेपद मुस्लिम संघाने मिळवले. पुढील वर्षी हिंदू संघ स्पर्धेत परतला आणि १९४६ मध्ये स्पर्धा कायमची बंद होईपर्यंत ती याच मैदानावर होत राहिली.

या स्पर्धेच्या इतिहासात जातीय आधारावर संघ असावेत की नाही, हा वाद अधिक गाजला. त्यामुळे आसनांवरून झालेली ही माघार काहीशी दुर्लक्षित राहिली. तरीही नव्या स्टेडियमच्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेत मुंबईतील एक लोकप्रिय संघ केवळ आसनांच्या वाटपामुळे मैदानात उतरला नाही, ही घटना पुढील वादांची नांदी ठरली.

=== वानखेडे स्टेडियमची उभारणी ===

ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिला कसोटी सामना डिसेंबर १९४८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे मुंबईतील कसोटी सामने येथेच होत होते. सामन्याचे यजमानपद १९३० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनकडे, तर मैदानाची मालकी क्लबकडे होती. असोसिएशनला आपल्या संलग्न क्लबांसाठी अधिक आसने हवी होती. क्लबला मात्र स्वतःच्या सदस्यांचा वाटा कमी करायचा नव्हता. फेब्रुवारी १९७३ मधील इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर हा वाद विकोपाला गेला. त्या काळात क्लबच्या बाजूने विजय मर्चंट आणि असोसिएशनच्या बाजूने शेषराव वानखेडे हे प्रमुख होते. वानखेडे १९७२ ते १९७७ या काळात महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्षही होते.

अखेर असोसिएशनने स्वतःचे स्टेडियम बांधण्याचा निर्णय घेतला. चर्चगेट स्थानकाच्या उत्तरेस, लोहमार्ग आणि मरीन ड्राइव्ह यांच्यामधील जागेवर वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार अवघ्या सुमारे तेरा महिन्यांत स्टेडियम उभे राहिले. २३ जानेवारी १९७५ रोजी येथे वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. त्यात क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. ब्रेबॉर्नवर त्यानंतरचा कसोटी सामना होण्यासाठी डिसेंबर २००९ उजाडावा लागला. तेव्हा श्रीलंकेविरुद्ध वीरेंद्र सेहवाग यांनी २९३ धावा केल्या.

अशा रीतीने आसनांच्या वाटपावरून न मिटलेल्या वादामुळे दक्षिण मुंबईत एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन मोठी स्टेडियम तयार झाली.

=== २०११ चा विश्वचषक ===

वानखेडे स्टेडियममुळे आसनांचे नियंत्रण क्लबकडून असोसिएशनकडे आले, पण सामान्य प्रेक्षकांच्या वाट्याचा प्रश्न सुटला नाही. २ एप्रिल २०११ रोजी भारत आणि श्रीलंका यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना येथे झाला. नूतनीकरणानंतर स्टेडियमची क्षमता सुमारे ३३,००० होती. त्यांपैकी सुमारे ४,००० तिकिटेच सार्वजनिक विक्रीसाठी ठेवण्यात आली होती. उरलेली तिकिटे संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, प्रायोजक आणि आवारातील गरवारे क्लब हाउसचे सदस्य अशा वेगवेगळ्या कोट्यांत वाटली गेली. ऑनलाइन विक्री सुरू होताच मोठ्या मागणीमुळे संकेतस्थळ बंद पडले.

विम्बल्डनशी तुलना करता येथील चित्र उलटे दिसते. तेथे विकलेली आसने कमी असून ती किती, कोणत्या भावाने आणि किती मुदतीसाठी विकली हे जाहीर असते. मुंबईत राखीव आसने उघडपणे विकली गेली नव्हती. त्यामुळे त्यांची किंमत कोठेही लिहिलेली नव्हती. प्रत्यक्षात मात्र त्यांनीच स्टेडियमचा बहुतेक भाग व्यापला होता. कोट्यातून मिळालेले तिकीट पुढे विकले गेले, तर त्यातील नफा खेळाकडे किंवा मैदानाकडे येत नाही.

== महाराष्ट्रातील टेनिस ==

ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवाराशी टेनिसचाही संबंध आहे. पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेतील स्पर्धा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया येथे २००६ व २००७ मध्ये झाली. दिमित्री तुर्सुनोव्ह आणि रिशार गास्के हे तिचे विजेते होते. २००८ मध्ये ती बंगळुरूला हलवण्यात आली, पण तेथे ती होऊ शकली नाही.

पुणे येथील बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आले. चेन्नईत दोन दशके चाललेली पुरुषांची स्पर्धा २०१८ मध्ये येथे आली आणि महाराष्ट्र ओपन या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१८, २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ अशा पाच वर्षी ती झाली. एकेरीचे विजेते अनुक्रमे जिल सिमॉन, केव्हिन अँडरसन, यिरी व्हेसेली, जुआंव सोझा आणि टॅलन ग्रीक्स्पूर हे होते. २०२२ मध्ये रोहन बोपण्णा व रामकुमार रामनाथन या भारतीय जोडीने दुहेरीचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर स्पर्धा पुण्यात झाली नाही.

महाराष्ट्रात डिबेंचरसारखी पद्धत का रुजली नाही, याचे एक कारण या इतिहासात दिसते. पाच वर्षांचे आसन विकण्यासाठी ती स्पर्धा पाच वर्षे त्याच मैदानावर होईल अशी खात्री द्यावी लागते. विम्बल्डनमध्ये स्पर्धा आणि मैदान ही दोन्ही एकाच संस्थेशी बांधलेली आहेत. व्यावसायिक मालिकेतील लहान स्पर्धांचा परवाना मात्र एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ शकतो. मुंबईत दोन वर्षे आणि पुण्यात पाच वेळा झालेल्या स्पर्धेच्या भरवशावर दीर्घकालीन आसन विकणे शक्य नव्हते. शिवाय बालेवाडीचे संकुल शासनाने उभारलेले आहे. त्यामुळे आसने विकून भांडवल जमवण्याची गरजही तेथे उद्भवली नाही.

== मुंबई–पुण्याबाहेरील प्रेक्षक ==

कोट्यावर आधारलेल्या वाटपाचा परिणाम मोठ्या शहरांबाहेरील प्रेक्षकांवर अधिक जाणवतो. जळगाव आणि धुळे हे खानदेशातील जिल्हे क्रिकेट प्रशासनाच्या दृष्टीने मुंबईच्या असोसिएशनमध्ये येत नाहीत. ते पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कार्यक्षेत्रात मोडतात. चाळीसगाव हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील जंक्शन असल्याने तेथून रेल्वेने थेट मुंबईला जाता येते. तथापि वानखेडेवरील सामन्याची संलग्न क्लबांना मिळणारी तिकिटे मुंबईतील क्लबांसाठी असतात. त्यामुळे चाळीसगावच्या प्रेक्षकाला सार्वजनिक विक्रीतील मोजक्या तिकिटांवरच अवलंबून राहावे लागते. सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानाबाहेर रांग लावून निश्चित तिकीट मिळेल, अशी विम्बल्डनसारखी सोयही नसते.

महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे स्वतःचे स्टेडियम पुण्याजवळ गहुंजे येथे असून ते २०१२ मध्ये सुरू झाले. तेथील पहिला कसोटी सामना फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाला. या स्टेडियमसाठी पैसा उभा करताना नामहक्काच्या विक्रीचा मार्ग अवलंबण्यात आला होता, परंतु तो करार टिकला नाही.

== पुनर्विक्री आणि कायदा ==

ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांची विनापरवाना विक्री हा गुन्हा आहे. त्यामागे प्रामुख्याने प्रतिस्पर्धी संघांच्या समर्थकांना वेगळे बसवण्याचा सुरक्षेचा विचार होता. टेनिसला हा कायदा लागू नाही. विम्बल्डनमध्ये साधी तिकिटे विकण्यावर असलेली बंदी तिकिटावरील अटींमधून, म्हणजे करारातून येते. डिबेंचरच्या तिकिटांना दिलेली सूटही त्याच करारातील आहे.

भारतात ‘ब्लॅक’ने तिकीट विकणे हा शब्दप्रयोग चित्रपटगृहांमुळे घरोघरी परिचित झाला. ऑनलाइन विक्रीमुळे या व्यवहाराचे स्वरूप बदलले आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतील कोल्डप्ले या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांपूर्वी तिकिटांच्या चढ्या भावातील पुनर्विक्रीवरून मोठी चर्चा झाली. या प्रकारांना आळा घालण्यासाठी नियम करावेत, अशी मागणी करणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळली. असे नियम करणे हा विधिमंडळ व शासन यांच्या अखत्यारीतील विषय आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

== समर्थन आणि आक्षेप ==

दीर्घकालीन आसनहक्कांच्या समर्थनार्थ सामान्यतः पुढील मुद्दे मांडले जातात:
* सरकारी पैसा किंवा व्याजाचे कर्ज न घेता क्रीडागाराची उभारणी व दुरुस्ती करता येते.
* श्रीमंत प्रेक्षकांकडून मोठी रक्कम मिळाल्याने इतर तिकिटांचे दर आटोक्यात ठेवता येतात.
* पुनर्विक्री उघड असल्याने बनावट तिकिटांचा धोका कमी होतो.

आक्षेप पुढीलप्रमाणे आहेत:
* सर्वोत्तम आसने खेळाच्या आवडीऐवजी ऐपतीवर मिळतात.
* धारक आसनाचा वापर गुंतवणूक म्हणून करतो. तिकीट न विकले गेल्यास किंवा धारक विश्रामकक्षातच थांबल्यास सामना सुरू असताना मोक्याची आसने रिकामी राहतात.
* पुनर्विक्रीतील नफा खेळाडू किंवा आयोजकांपर्यंत पोहोचत नाही. मात्र पुढील मालिकेची किंमत वाढवून आयोजक त्यातील काही भाग मिळवतात.

विम्बल्डन, अल्बर्ट हॉल आणि मुंबईतील दोन स्टेडियम यांच्या इतिहासावरून असे दिसते, की वादाचे मूळ आसन विकण्यात नसून त्या विक्रीच्या मर्यादेत आहे. मुदत अल्प, संख्या मर्यादित आणि सार्वजनिक वाटा आधीच ठरलेला असेल तेथे महागडी आसने आणि रात्रभर थांबणारी रांग शंभर वर्षे शेजारी शेजारी टिकून राहिली आहेत. सार्वजनिक वाटा अनिश्चित राहिला तेथे मात्र संघाने माघार घेण्यापर्यंत किंवा नवे स्टेडियम बांधण्यापर्यंत मजल गेली.

== हेही पहा ==
* विम्बल्डन टेनिस स्पर्धा
* ब्रेबॉर्न स्टेडियम
* वानखेडे स्टेडियम
* मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा
* महाराष्ट्र ओपन
* कर्जरोखा